व्हेसूव्हियसची रयत
नेपल्सच्या आखातावर सुमारे 1,280 मीटर उंच उभ्या असलेल्या व्हेसूव्हियसच्या मुखात डोकावणाऱ्या प्रवाशाची प्रथम काहीशी निराशाच होते. कारण इसवी सन 79 मध्ये पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही नांदती नगरे गाडून टाकणारा हा पर्वत 1944 च्या उद्रेकानंतर इतका स्तब्ध आहे, की भेगांतून निघणारी क्षीण वाफ एवढाच त्याच्या हयातीचा दाखला उरला आहे. परंतु उतारावरील द्राक्षांचे व जर्दाळूंचे मळे पाहिले, म्हणजे ज्या राखेने पूर्वजांची घरे गिळली तिच्यातूनच निपजलेल्या सुपीक मातीवर ही रयत पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट सांगत आली आहे, हे ध्यानी येते. हा जमीनमालक दरसाल सारा मागत नाही, मात्र मागतो तेव्हा सारी थकबाकी एकदम वसूल करतो, हे पुरते ठाऊक असूनही तिने आपला कब्जा सोडलेला नाही.