मृदंगाला कणीक, वादकाला काय?

श्रावणातली रात्र. बाहेर कौलांवर पाऊस कोसळतो आहे आणि देवळात नामसप्ताह चालू आहे. बुवांचा अभंग रंगात आला आहे, टाळकरी डोलत आहेत. बाजूला मांडी घालून बसलेला एक इसम मात्र मान वर करीत नाही. त्याच्या पुढ्यात मृदंग आहे, मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापलेली आहे आणि मांडीशी हातोडी आहे. दमट हवेने कातडे सैल पडते, म्हणून दोन अभंगांच्या मध्ये तो वादीखालचे गठ्ठे ठोकून स्वर चढवून घेतो. उत्तररात्री भजन संपते. लोक बुवांच्या पाया पडतात, त्यांना हार घालतात. मृदंगवाला कणीक खरवडून काढतो, वाद्य खोळीत घालतो आणि प्रसादाचा नारळ घेऊन घरची वाट धरतो.

मित्रहो, हा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

अशाच एका गुरुजींकडे मी गेली चार वर्षे पखवाज शिकतो आहे. दिवसा ते सुतारकाम करतात, रात्री वाजवतात. हाच व्यवसाय करावा असे माझ्या मनात आले, तेव्हा वडील म्हणाले, "वाजव की! पण पोटापाण्याचे काय?" मी तोच प्रश्न गुरुजींना विचारला. ते हसले आणि म्हणाले, "बाळा, मी कधी कुणाला बिदागी सांगितलीच नाही. देवाचं काम ना!" त्या हसण्याने मला जास्त अस्वस्थ केले.

देवाचे काम खरेच. पण त्याच सप्ताहात मांडववाला येतो, ध्वनिक्षेपकवाला येतो, फुलवाला येतो. त्यांची बिले कुणी 'देवाचे काम' म्हणून बुडवीत नाही. मग ज्याने बोल घोटण्यात उमेदीची वर्षे घातली, त्याच्याच बाबतीत आपल्याला भक्ती का आठवावी? पुडी फाटली तर ती बदलण्याचा खर्च देव देत नाही, तो वादकाच्याच खिशातून जातो.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण घ्या. 'फुलामुलांचे कवी' रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी झाला. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ख्रिस्ताचे शुभवर्तमान परक्या चालींवर न सांगता आपल्या अभंगांतून, भजनांतून, कीर्तनांतून सांगावे, हा त्यांचा ध्यास होता. त्यांची भजने मराठी चर्चमधून आजही गायिली जातात. म्हणजे देऊळ असो वा चर्च, मराठी भक्तीला ठेका लागतोच. टिळकांची कविता आपण पाठ्यपुस्तकांतून शिकलो, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून त्यांचा संसारही पाहिला. त्या भजनांना ठेका धरणारे हात कुणाचे, हा प्रश्न मात्र आपल्या मनातही आला नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असेही नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये 1739 साली गुलामांचे बंड झाले आणि पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांना ढोल वाजवण्याची बंदी झाली. ढोलाचा आवाज माणसे जमवतो, हे धन्यांना कळले होते! विसाव्या शतकात त्यांच्याच वंशजांच्या अनेक चर्चमधून ढोल पुन्हा घुमू लागला. त्या 'गॉस्पेल' संगीतात वाढलेले अनेक वादक पुढे जगभर नावाजले आणि तो एक व्यवसायही झाला. तिथेही 'प्रभूसाठी वाजवणाऱ्याने मोल घ्यावे का' हा वाद होतोच. पण निदान तो उघडपणे होतो. आपण नारळ हातावर ठेवून विषय मिटवतो.

कुणी म्हणेल, पैसा आला की भक्ती गेली. हा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. ठरावीक रकमेवाचून मृदंगाला हात न लावणारा वादक मलाही आवडणार नाही. परंतु वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे आठवा. वडिलांच्या कीर्तनात साथ करणारा हा मुलगा पुढे इंदूरला होळकरांच्या आश्रयास राहिला आणि पखवाजाचे एक घराणेच त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आश्रय मिळाला म्हणून विद्या वाढली, शिष्य तयार झाले. पोटाची चिंता मिटल्याने त्यांची कला बाटली असे कुणी म्हणत नाही. आज राजे उरले नाहीत. त्यांच्या जागी आता आपण आहोत, देवस्थाने आहेत, मंडळे आहेत, महाविद्यालये आहेत.

सगळा दोष समाजाचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्यातही उणिवा आहेत. बुवांचे शब्द बुडतील इतक्या जोराने वाजवणे, टाळीसाठी भलत्या जागी लग्गी लावणे, कार्यक्रमाला उशिरा येणे, हे सारे चालते. मोल मागायचे तर जबाबदारीही घ्यावी लागेल. अभंगाचा अर्थ ज्याला कळत नाही, त्याने त्याची साथ काय करावी?

एक छोटीशी सूचना करून थांबतो. आपल्या पुढील स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत गायकांइतक्याच ठळक अक्षरांत साथीदारांची नावे छापावीत. बाहेरून वादक बोलावला तर त्याची बिदागी आधी ठरवून, कार्यक्रम संपताच सन्मानाने त्याच्या हाती द्यावी. याला फार पैसे लागणार नाहीत. मोबाइलमधला तबला फुकट मिळतो हे खरे, पण गाणारा अडखळला तर तो त्याला सांभाळून घेत नाही.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. पदवी पुरी करीन, नोकरी मिळाली तर तीही करीन, पण पखवाज सोडणार नाही. आणि कुणी वाजवायला बोलावले, तर बिदागीचे बोलताना मान खाली घालणार नाही. गुरुजींना जे कधी बोलता आले नाही, ते त्यांच्या शिष्याने तरी बोलायला हवे.