न झालेल्या गुणांचा हिशेब

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये मार्च उजाडला की सर्वोत्तम बचावपटूचे पुरस्कार जाहीर होतात. तेथील विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली असतात. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांत बेंगळुरूचा विद्यार्थी दक्षिण विभागात आणि पुण्याचा पश्चिम विभागात खेळतो, त्याच धर्तीची ही वाटणी, आणि प्रत्येक गटाचा पुरस्कार स्वतंत्र. ‘बिग ईस्ट’ या गटाचा हा मान जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पॅट्रिक युइंगने 1982 ते 1985 अशी सलग चार वर्षे मिळवला. गंमत अशी की, ‘ब्लॉक’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवणे आणि ‘स्टील’ म्हणजे त्याच्याकडून चेंडू हिसकावणे, या दोन्हींची राष्ट्रीय पातळीवरील अधिकृत नोंद 1985-86च्या मोसमापासून, अर्थात युइंग महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर सुरू झाली. परीक्षकांनी चार वर्षे आकड्यांवाचून, केवळ डोळ्यांवर विश्वास ठेवून निवाडा केला आणि तो चुकला असे म्हणण्याचे धाडस कुणी सहसा करणार नाही.

आकडे हाती आल्यापासून मात्र डोळ्यांची किंमत उतरली, आणि प्रस्तुत सदराची तक्रार नेमकी तीच आहे. बचाव म्हणजे मुख्यतः न घडलेल्या गोष्टींचा खेळ. समोरच्या खेळाडूला त्याच्या आवडत्या जागेवर पोहोचूच न देणारा बचावपटू उडी मारून चेंडू अडवत नाही, कारण तशी वेळच येत नाही. रिंगवरून उसळणाऱ्या चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीशी दाबून धरणारा, ज्याला ‘बॉक्स आउट’ म्हणतात ते काम करणारा गडी घाम गाळतो आणि झेललेल्या चेंडूची नोंद सहकाऱ्याच्या नावावर होते. 2017च्या जुलैमध्ये बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये महिलांच्या आशिया चषकाच्या ‘ब’ गटाचा अंतिम सामना भारताने कझाकस्तानविरुद्ध 75-73 असा जिंकला. दोन गुणांचा फरक म्हणजे एक साधी बास्केट. ती प्रतिस्पर्ध्यांना कुणी आणि कधी नाकारली, हे सांगणारा रकाना गुणपत्रिकेत नाही.

बेंगळुरूला हा अन्याय नवा वाटू नये. मार्च-एप्रिलमध्ये तेथील संगणक कंपन्यांत वार्षिक मूल्यमापनाचा हंगाम असतो, तेव्हा मध्यरात्री कोसळलेली यंत्रणा उभी करणाऱ्याची वाहवा होते आणि जिची यंत्रणा वर्षभर कोसळलीच नाही, तिला ‘या वर्षी विशेष काय केले?’ असे विचारले जाते.

वास्तविक याच शहराने क्रिकेटला सर्वांत नावाजलेला बचावपटू दिला. इंदूरला जन्मलेला, मराठी घरातला आणि बेंगळुरूत वाढलेला राहुल द्रविड ‘भिंत’ म्हणून ओळखला गेला, परंतु त्या भिंतीचे मोजमापही जग धावांतच करत आले. कसोटीतील त्याच्या 13,288 धावा चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असतात. त्यासाठी तो 31,258 चेंडू खेळला, हा कसोटीतील विक्रम असूनही, विचारल्यावर सांगणारा विरळाच. 2008च्या सिडनी कसोटीत तो 18 धावांवर तब्बल 40 चेंडू अडकला आणि अखेर एक धाव निघाली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यानेही बॅट उंचावून हसतहसत दाद स्वीकारली. त्या टाळ्यांत थट्टा होतीच, तथापि ते 40 चेंडू ज्यांनी टाकले त्या गोलंदाजांना त्यातला एकही विनोद वाटला नसावा. एकही धाव नसलेला तो काळ फलंदाजाने जिंकला होता की गोलंदाजाने, याचे उत्तर धावफलक देऊ शकत नाही.

या सदराच्या वाचकांना एव्हाना ठाऊक आहे की चेंडू कोणताही असो, गाडी अखेर खो-खोच्या खांबाला वळसा घालणारच. ज्या खेळाच्या नियमांना पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आकार दिला, त्या खो-खोने हा प्रश्न केव्हाच सोडवून टाकला आहे. तेथे संरक्षक, म्हणजे पाठलाग चुकवत पळणारा खेळाडू, किती मिनिटे आणि सेकंद टिकला हे घड्याळ सांगते, ते वर्तमानपत्रात त्याच्या नावापुढे छापून येते आणि स्पर्धेअखेर ‘उत्कृष्ट आक्रमक’ याच्या शेजारी ‘उत्कृष्ट संरक्षक’ तितक्याच मानाने उभा राहतो. कबड्डीतही गावोगावच्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाईइतकेच उत्कृष्ट पकडीचे बक्षीस महत्त्वाचे, आणि पकड करणाऱ्याला तर थेट गुणच मिळतो. महाराष्ट्रातील मैदानी खेळांनी बचावाला उपकार म्हणून कोपऱ्यात बसवलेले नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक ‘एनबीए’ने 2013-14पासून प्रत्येक क्रीडागृहात छताला कॅमेरे टांगून खेळाडूंची हालचाल क्षणोक्षणी मोजायला घेतली, ती याच उणिवेची कबुली म्हणावी लागेल. बेंगळुरूच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना एवढा खर्च करण्याचे कारण नाही. समोरच्या संघाच्या सर्वांत घातक खेळाडूला किती वेळ चेंडूला हात लावू दिला नाही, एवढेच मोजणारे एक घड्याळ आणि ते हाती धरणारा एक परीक्षक पुरेसा आहे. त्याच्या पात्रतेची अट मात्र कडक असावी, ती अशी की सिडनीतील ते 40 चेंडू त्याने चहाला न उठता पाहिलेले असावेत.