कपाटाला अडकवलेली चिठ्ठी

अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांमध्ये एक पद्धत आहे, ती मला फार आवडते. फडताळाच्या कडेला पुस्तकाखाली एक छोटी चिठ्ठी अडकवलेली असते. वाचनालयातल्याच कुणीतरी हाताने लिहिलेली. हे पुस्तक मी वाचलं, मला अमुक कारणासाठी आवडलं, आणि खाली नाव. पुस्तकांच्या शेजारी सिनेमांच्या डीव्हीडी, त्यांनाही चिठ्ठ्या. मुलांच्या विभागात तर बैठ्या खेळांनासुद्धा. लिहिणारा ग्रंथपालच असतो असं नाही, पुस्तकं जागेवर लावणारा मुलगाही असतो.

आपल्याकडे हे का नाही, असा प्रश्न पडला. मग वाटलं, नाही कसं? आहे की! फक्त ते तोंडी आहे. "ताई, काहीतरी हलकंफुलकं द्या, आईला हवंय" हे वाक्य कुठल्याही मराठी वाचनालयाच्या काउंटरवर अर्धा तास उभं राहिलं तर ऐकू येतंच. ताई मागे न बघता हात घालतात आणि पुस्तक काढतात. "हे नेलं नाहीये त्यांनी अजून." त्यांना सभासद क्रमांक पाठ, आईची आवडनिवड पाठ, आईला बारीक टाइप चालत नाही हेही पाठ. याला शिफारस नाही तर काय म्हणायचं?

तरीही मला ती कागदाची चिठ्ठी हवीच आहे. का ते सांगते.

तोंडी शिफारस मिळवायला विचारावं लागतं, आणि काही गोष्टी काउंटरवर विचारता येत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच वाचनालयांत सभासदाला कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत. यादीतून क्रमांक लिहून द्यायचा किंवा नाव घेऊन मागायचं. मागे चार जण रांगेत, त्यातले दोन आपल्याच सोसायटीतले. चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या शरीरात काय चाललंय ते सांगणारं पुस्तक इथे मोठ्याने मागायचं? नुकतीच बायको गेलेल्या काकांनी काय मागायचं? घटस्फोटाचा विचार करणाऱ्या बाईने? ही माणसं "काही नवीन आलंय का?" एवढंच विचारतात आणि मिळेल ते घेऊन जातात. चिठ्ठी काही विचारत नाही. ती तिथे असते, वाचायची आणि पुस्तक उचलायचं. (म्हणजे आधी कपाटापर्यंत जाऊ द्यायला हवं, हे ओघाने आलंच.)

याच काळजीचं दुसरं टोक म्हणजे वाचकाने काय नेलं याची नोंद. २००१ मध्ये अमेरिकेत पेट्रियट कायदा आला आणि वाचनालयांच्या नोंदी सरकारला मागवता येणं सोपं झालं. तेव्हा तिथल्या अनेक ग्रंथपालांनी पुस्तक परत आलं की त्याची नोंदच पुसून टाकायचं धोरण धरलं. नोंदच नाही तर देणार काय? म्हणजे वाचकाबद्दल कमीत कमी माहिती ठेवायची आणि पुस्तकाबद्दल जास्तीत जास्त सांगायचं. आपल्या पुस्तकविक्रीच्या साइट्स बरोब्बर उलट करतात. "हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं." एकदा भाचीसाठी परीक्षेचं गाइड मागवा, पुढे तीन महिने गाइडंच गाइडं! यंत्राला तुम्ही काय घेतलंत ते कळतं. पुस्तक चाळिसाव्या पानावर खूण ठेवून परत आलं, हे काउंटरवरच्या ताईंनाच दिसतं.

रंगनाथन यांची पाच सूत्रं ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ मध्ये ही सूत्रं पुस्तकरूपाने आली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हे त्यातलं दुसरं सूत्र सगळे सांगतात. मला तिसरं जास्त आवडतं, ते पुस्तकाच्या बाजूने बोलतं. प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा. वर्षानुवर्षं ज्याच्या मागच्या कागदावर एकही तारखेचा शिक्का पडलेला नाही, अशा पुस्तकाचा वकील कोण? 'मृत्युंजय' किंवा 'व्यक्ती आणि वल्ली' यांना चिठ्ठीची गरज नाही, ती जातातच.

शिफारस करण्याच्या बाबतीत सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचं नाव घ्यायलाच हवं. १९९८ मध्ये त्यांनी सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचायची कल्पना राबवली आणि निवडलं काय, तर रसेल बँक्स यांची 'द स्वीट हिअरआफ्टर'. शाळेच्या बसला अपघात होऊन मुलं दगावतात, त्यानंतरच्या गावाची ही कादंबरी. कुणालाही चालेल असं गुळमुळीत काही निवडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांचा आणखी एक नियम प्रसिद्ध आहे. पुस्तक पन्नास पानं वाचून बघा, नाही रुचलं तर सोडा. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून आपलं वय वजा करा, तेवढीच पानं! २००३ मध्ये त्यांची खेळण्यातली बाहुली निघाली. पाठीवरचं बटण दाबलं की ती ओठांवर बोट नेते. 'शांतता राखा' हीच का आमची ओळख, म्हणून काही ग्रंथपाल रागावले होते. बरोबरच आहे. ज्या बाईने आयुष्यभर लोकांशी पुस्तकांबद्दल बोलायचं काम केलं, तिची बाहुली गप्प करणारी :)

आता आपल्याकडची खरी अडचण. शिफारस करायची तर आधी वाचलेलं हवं, आणि वाचायला वेळ हवा. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा दर्जानुसार सरकारी अनुदान मिळतं, आणि तिथे काम करणाऱ्यांचं पोट बरंचसं त्यावर. वेतनश्रेणीची त्यांची मागणी फार जुनी आहे. एवढ्या पैशात झाडणं, पुस्तकं लावणं, पावत्या फाडणं, फाटकी पुस्तकं चिकटवणं, सगळं आलं. वर, माझ्या माहितीतल्या एका वाचनालयात काउंटरवर वाचत बसलेल्या बाईंना कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी सर्वांसमोर ऐकवलं, "इथे काम करायला ठेवलंय, वाचायला नाही." तेव्हापासून त्या पुस्तक आवक-नोंदवहीखाली ठेवतात. हलवायाने मिठाई चाखू नये, असं कुणी म्हणत नाही!

कर्मचाऱ्याने आपली आवड लोकांवर लादू नये, वाचनालयाने तटस्थ असावं, असा एक आक्षेप असतो. मला तो पटत नाही. खरेदीच्या यादीत कुठलं पुस्तक येतं आणि कुठलं नाही, तिथेच आवडनिवड होऊन गेलेली असते आणि ती कुणाची हे सभासदाला कळत नाही. चिठ्ठीखाली निदान नाव असतं. दोनदा फसलात तर तिसऱ्यांदा त्या नावाची चिठ्ठी सोडून द्याल. मात्र चिठ्ठी कामाची हवी. 'अप्रतिम! आवर्जून वाचा!' हे लिहिण्यात कागद वाया घालवू नये. पुस्तक कुणाला आवडणार नाही तेही लिहायची हिंमत हवी.

आणि विषय निघालाच आहे तर दिवाळी अंक! १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा आता शेकडो अंकांवर गेली आहे. वाचनालयं वेगळी वर्गणी घेऊन ते पुढचे काही महिने फिरवतात. पहिल्या आठवड्यात झुंबड उडते ती मुखपृष्ठावरच्या नावांवर. होळीपर्यंत कुठल्या अंकाची पानं सुटली, कुठला कोरा करकरीत राहिला, कुठल्या अंकातली एकच कथा वाचून लोक दुसऱ्याला सांगत होते, हे सगळं काउंटरवर जमा होतं आणि तिथेच विरून जातं. वृत्तपत्रांतली परीक्षणं अंक हातात पडायच्या आत येतात. ताईंचं परीक्षण मार्चमध्ये तयार असतं आणि ते कुणी मागत नाही. फळ्यावर दहा ओळी लिहिल्या तरी मी आधी तिथे जाऊन वाचेन.

सिनेमांचं तर आता सोपंच झालंय. डीव्हीडी ठेवायला नकोत. पुस्तकाच्या चिठ्ठीवर 'याचा सिनेमाही बघा' एवढं लिहिलं की झालं, घरातली पोरं शोधून लावून देतात.

नुसतं बोलून काय उपयोग, म्हणून माझ्या तीन चिठ्ठ्या. आमच्या वाचनालयात नेऊन देणार आहे, लावतील की नाही बघू.

'वनवास', प्रकाश नारायण संत. आजीआजोबांकडे राहणाऱ्या लंपनच्या गोष्टी. नायक मुलगा आहे म्हणून फक्त मुलांसाठी समजू नये, आणि मुलांना वाचून दाखवायलाही घाबरू नये. बेळगावकडची बोली पहिल्या दहा पानांत अडेल, मग तुम्हीच तशी बोलायला लागाल. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' आहेत. घाईने संपवू नका, चारच आहेत.

'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकर. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला तरुण मास्तर, आणि शेवटी दुष्काळ. जाड पुस्तकं बघून पळणाऱ्या कॉलेजच्या मुलांना द्या. ज्यांना प्रेमकथा हवी त्यांनी घेऊ नये. अमोल पालेकरांचा याच नावाचा सिनेमा (१९९५) पुस्तकानंतर बघावा, आधी नको.

'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळक. आत्मचरित्र म्हटलं की जांभई देणाऱ्यांसाठी. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, घर मोडलं, आणि ही बाई त्याबद्दल लिहिताना आपल्याला हसवते. ज्या काकांना काय मागावं ते कळत नाही, त्यांच्या हाताला लागेल अशा खालच्या फडताळात ठेवावं.