ठिपक्याएवढ्या बेटावरचा कवी

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा पाहू. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मधे, कॅरिबियन समुद्राच्या कडेला, ठिपक्यांची एक माळ दिसेल. त्यातला एक ठिपका म्हणजे सेंट लुसिया बेट. वेस्ट इंडिजला २०१२ आणि २०१६ सालचा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कप्तान डॅरेन सॅमी तिथलाच, बरं का! बेट केवढं? सुमारे ६१६ चौरस किलोमीटर. आपल्या एका सोलापूर जिल्ह्यात अशी चोवीस बेटं मावतील. तिथल्या माणसांची संख्या दोन लाखांच्या आत.

अशा या बेटावर, कॅस्ट्रीज गावात, २३ जानेवारी १९३० रोजी जुळे भाऊ जन्मले. त्यातला एक डेरेक वॉलकॉट. मुलं जेमतेम वर्षाची असताना वडील वारले. आई शाळेत शिकवायची, शिवणकाम करायची आणि घर चालवायची. शाळेत इंग्रजी, तर रस्त्यावर आणि बाजारात फ्रेंचमधून घडलेली क्वेयोल बोली. सोलापूरच्या मुलांना यात नवल ते काय? आपल्याकडेही कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि गल्लीत हिंदी चालतेच की!

डेरेक चौदा वर्षांचा असताना गावच्या वर्तमानपत्रात त्याची कविता छापून आली. पण शाळेच्या पुस्तकांत असायचं ते सगळं इंग्लंडचं. तिथला बर्फ, तिथली फुलं. बेटावर तर नारळ, होड्या, मासळी आणि अचानक कोसळणारा पाऊस. यावर कोण पुस्तक लिहिणार? डेरेक आणि त्याचा चित्रकार मित्र डन्स्टन सेंट ओमेर यांनी ठरवलं, आपणच! एकानं रंगांत आणि दुसऱ्यानं शब्दांत हे बेट उतरवायचं.

१९४८ साली डेरेकनं पंचवीस कवितांचं पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. त्यासाठी दोनशे डॉलर हवे होते. आईच्या कमाईत ही रक्कम लहान नव्हती, तरी तिनं ती उभी केली. पुस्तक त्रिनिदादमध्ये छापून आलं. मग या पठ्ठ्यानं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रती विकल्या आणि पैसे वसूल केले.

पुढे त्यानं काय लिहिलं? कॅस्ट्रीजच्या बंदरात पूर्वी कोळशावर चालणाऱ्या बोटी लागत. बायका डोक्यावर कोळशाच्या जड टोपल्या घेऊन बोटीवर चढत. त्या बायका आणि बेटावरचे साधे कोळी त्याच्या ‘ओमेरॉस’ या १९९० सालच्या महाकाव्यात आले. १९९२ साली त्याला साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वेळच्या भाषणाची सुरुवात त्यानं कशानं केली, सांगा बरं? त्रिनिदादमधल्या फेलिसिटी गावच्या रामलीलेनं! १८४५ सालापासून ऊसमळ्यांत राबायला आपल्या देशातून माणसं त्रिनिदादला नेली गेली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी रामलीला जपली होती. ऊसतोडणीचं काम किती कष्टाचं असतं, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

वॉलकॉट २०१७ साली आपल्या बेटावरच्या घरी वारला. कॅस्ट्रीजच्या भर चौकाला आज त्याचं नाव आहे.

आता आपल्याकडे वळू. ‘माझे शहर’ हा निबंध तपासायला घेतला की चाळीस वह्यांत तीच गाईडमधली वाक्यं. मार्क पडतात, पण त्यात आपलं सोलापूर कुठे असतं? ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात कितीतरी मुलं ‘गृहिणी’ असं लिहून मोकळी होतात. मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळणारी आई ही नुसती गृहिणी का? तिची बोटं किती भरभर चालतात, पानाला कात्री कशी लागते, दोरा कसा गुंडाळला जातो, हे तिच्या शेजारी बसलेल्या मुलाइतकं कुणाला ठाऊक? यंत्रमागाचा खडखडाट ऐकत झोपणाऱ्या मुलाला त्या आवाजाबद्दल जे सांगता येईल, ते पुण्या-मुंबईच्या लेखकाला कसं जमावं? यात लाजायचं काहीच नाही. कोळशाच्या टोपल्यांवर महाकाव्य होतं, तर विडीवर दहा ओळी का होऊ नयेत?

आई-बाबांना एक विनंती. मुलानं लिहिलेलं आधी शेवटपर्यंत वाचा. मधेच तेलुगू किंवा हिंदी शब्द आला म्हणून रागावू नका. ऱ्हस्व-दीर्घ मागाहून सुधारता येतं.

आणि मुलांनो, या रविवारी एवढंच करा. घरातल्या एका माणसाचं काम अर्धा तास नीट बघा. काही अडलं तर त्यांनाच विचारा. मग दहा ओळी लिहा. गाईड न उघडता, बरं का! सोमवारी त्या वर्गात वाचून दाखवा.