‘पूर्वी कुस्ती खरी होती’: अमेरिकेच्या लहान गावांतील एका दंतकथेचा समाचार

१/
सन १८९९. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील लुव्हर्न हे लहानसे गाव. जवळच्याच हम्बोल्ट परिसरातील शेतावर वाढलेला, विशीतला फ्रँक गॉच तेथे एका परक्या माणसाशी कुस्तीला उभा राहिला. हा परका स्वतःला फर्निचरचा व्यापारी म्हणवत होता. लढत जवळजवळ दोन तास चालली आणि गॉच हरला. मागाहून उलगडा झाला की तो ‘व्यापारी’ म्हणजे त्या वेळचा अमेरिकन विजेता डॅन मॅक्लाउड होता.

२/
ही घटना बहुधा गॉचच्या पराक्रमाची नांदी म्हणून सांगितली जाते. शेतकऱ्याचा अननुभवी पोर विजेत्यासमोर दोन तास टिकला, एवढ्यावर कथा संपते. जो प्रश्न सर्वांत आधी पडायला हवा, तो कोणाला पडत नाही. देशाचा विजेता खोटे नाव आणि खोटा धंदा सांगून आयोवाच्या आडगावात करत काय होता?

३/
उत्तर एका शब्दाचे आहे: पैजा. आणि या एका शब्दाने आजची लाडकी दंतकथा ढासळते. दंतकथा अशी: एके काळी अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती निर्मळ होती, पुढे शहरी प्रवर्तकांनी आणि टेलिव्हिजनने तिचा खेळखंडोबा केला, आणि भोळी खेडवळ माणसे फसत राहिली. यातील तीनही विधाने तपासली की टिकत नाहीत. ती एकेक करून पाहू.

४/
आधी तो ‘निर्मळ आरंभ’. १८३१ मध्ये इलिनॉयमधील न्यू सेलम येथे दुकानात कामाला असलेल्या अब्राहम लिंकनची जॅक आर्मस्ट्राँग या स्थानिक दांडगटाशी कुस्ती झाली. निमित्त काय? दुकानमालकाने आपल्या नोकराच्या ताकदीच्या बढाया मारल्या आणि त्यावर पैज लागली. निकालाबद्दल तर पुढे साक्षीदारांतच एकमत उरले नाही. मालकाची बढाई, पैज आणि वादग्रस्त निकाल: अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध गावकुस्तीत पुढचा सारा धंदा बीजरूपाने हजर आहे.

५/
त्या काळी एकच एक ‘कुस्ती’ नव्हती. व्हरमाँटच्या डोंगराळ गावांत आयरिश वळणाची कॉलर-अँड-एल्बो कुस्ती रुजली होती. तीत प्रतिस्पर्ध्याची कॉलर आणि कोपर धरून लढत सुरू होई. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लष्करी छावण्यांतून ती इतर प्रांतांच्या सैनिकांपर्यंत पोहोचली. पुढे इंग्लंडच्या लँकेशायरमधील ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ शैली आली. जमेल तेथे पकडा, जमिनीवरही झुंजा, हा तिचा बाणा. मध्य-पश्चिमेच्या गावांनी हीच शैली उचलली.

६/
ही गावेच का? यादवी युद्धानंतर लोहमार्ग धान्याच्या प्रदेशात खोलवर शिरले. मळणीच्या हंगामानंतर हाती रोख पैसा येई. परगण्याच्या जत्रा भरत. बहुतेक गावांत ‘ऑपेरा हाउस’ नावाचे सभागृह असे. तेथे ऑपेरा क्वचितच होई, व्याख्याने, नाटके आणि कुस्त्या मात्र होत. आगगाडीने सकाळी उतरावे, रात्री लढावे आणि दुसऱ्या दिवशी पुढचे स्थानक गाठावे, असा फिरता पेशा यातून उभा राहिला.

७/
मात्र लहान गावातील तिकिटांवर पोट भरत नाही. खरा पैसा पैजांत. आणि विजेता म्हणून उघड आलेल्या माणसाविरुद्ध पैसे लावणार कोण? म्हणून ओळख लपवायची. नामांकित मल्ल महिना-दोन महिने आधी गावात येई, दुसऱ्याच नावाने एखादी नोकरी धरी, स्थानिक पोरांना चीत करून ‘गावचा पैलवान’ होई. मग त्याचाच साथीदार आव्हान देत गावात उतरे. गाव आपल्या माणसावर पैसे लावी. निकाल त्या दोघांनी आधीच ठरवलेला असे.

८/
‘पण गॉच तसा नव्हता,’ असा प्रतिवाद ठरलेला असतो. त्याचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत त्याने जॉर्ज हॅकनश्मिटला सुमारे दोन तासांच्या झुंजीनंतर हार मानायला लावली. ती लढत सामान्यतः अस्सल मानली जाते. पण हाच गॉच १९०१ मध्ये सोन्याच्या खाणींच्या क्लोंडाइक प्रदेशात ‘फ्रँक केनेडी’ या नावाने खाणकामगारांच्या पैजांवर कमाई करत होता. लुव्हर्नमध्ये घेतलेला धडा तो विसरला नव्हता.

९/
त्याचा वस्ताद पाहा. मार्टिन ‘फार्मर’ बर्न्स, जन्म १८६१, आयोवाचाच सीडर परगणा. १८९५ मध्ये त्याने विस्कॉन्सिनचा भीतिदायक मल्ल इव्हान ‘स्ट्रँग्लर’ लुईस याला हरवले. डावपेचांचे त्याचे ज्ञान इतके पक्के की पुढे त्याने टपालाने कुस्तीचे धडे विकले. आणि हाच बर्न्स गळ्यात फास अडकवून फाशीच्या तख्तावरून खाली झोकून घेण्याचा खेळ करून दाखवी. मानेच्या बळावर तो जिवंत राही आणि प्रेक्षक थक्क होत.

१०/
येथे क्षणभर थांबले पाहिजे. बर्न्सचे मल्लत्व कोठे संपते आणि त्याची जादूगिरी कोठे सुरू होते? ती रेषा ओढताच येत नाही. मान तीच, मेहनत तीच, प्रेक्षकही तेच. ‘खेळ’ आणि ‘खेळी’ यांना दोन वेगळ्या कालखंडांत बसवणारा इतिहासलेखक या एका माणसाला कोणत्या प्रकरणात घालणार?

११/
१८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातील करमणुकीच्या विभागाने फिरत्या जत्रांच्या धंद्याला जन्म दिला. त्या जत्रांत पाळणे, चमत्कारिक प्राणी आणि कुस्तीचा तंबू असे. तंबूबाहेरच्या फळ्यांवर मल्ल उभे राहत, आरोळ्या देणारा माणूस आव्हान पुकारी: आमच्या गड्यापुढे इतकी मिनिटे टिका आणि बक्षीस न्या. गर्दीतून पहिला हात वर करणारा ‘धाडसी तरुण’ पुष्कळदा जत्रेचाच माणूस असे.

१२/
पण दुसरा हात खऱ्या लोहाराचा किंवा शेतगड्याचा असे, आणि तेथे नाटक उपयोगी पडत नसे. म्हणून तंबूत निदान एक मल्ल असा लागे, की जो दांडग्यातल्या दांडग्याचा घोटा किंवा खांदा क्षणात पिरगळून त्याला शरण आणील. सांधे मोडणाऱ्या या डावांना ‘हूक’ म्हणत. ठरलेल्या लढतीला ‘वर्क’ आणि खऱ्या लढतीला ‘शूट’ हे धंद्यातले शब्द. दंतकथा यांना शत्रू मानते. प्रत्यक्षात वर्कचा गल्ला सांभाळण्यासाठी शूटची विद्या पोसली जात होती.

१३/
आता तिसरे विधान: ‘भोळी खेडवळ माणसे.’ त्यासाठी मिसुरी नदीकाठचे काउन्सिल ब्लफ्स हे आयोवातील शहर पाहावे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॉन मॅब्रे आणि त्याच्या टोळीने तेथे बनावट कुस्त्या, मुष्टियुद्धे आणि घोड्यांच्या शर्यतींचा पद्धतशीर कारखाना चालवला होता. त्यांची गिऱ्हाइके म्हणजे लहान गावांतील सधन शेतकरी, व्यापारी आणि बँकवाले.

१४/
युक्ती अशी. गिऱ्हाइकाला सांगितले जाई: काही लक्षाधीश आपला मल्ल घेऊन फिरत आहेत, त्यांचाच एक नाराज नोकर फितूर झाला आहे, निकाल ठरला आहे, तुम्ही फक्त पैसे लावा आणि त्या धनिकांना लुटा. गिऱ्हाईक पैसे घेऊन येई. लढत ठरल्याप्रमाणे चाले आणि ऐन वेळी त्याचा मल्ल तोंडातून रक्त ओकत कोसळे. रक्त तोंडात आधीच लपवलेल्या पिशवीतले असे. ‘माणूस मेला, पोलीस येतील’ म्हणताच सगळे पळत, आणि पैसे टोळीकडे राहत.

१५/
१९१० मध्ये काउन्सिल ब्लफ्स येथेच खटला उभा राहिला. आरोप कुस्तीतील लबाडीचा नव्हता. टपालखात्याचा वापर करून फसवणूक केल्याचा होता. मॅब्रे आणि त्याचे अनेक साथीदार दोषी ठरून तुरुंगात गेले.

१६/
या खटल्यातून ‘भोळ्या गावकऱ्या’चे चित्र पुरते विस्कटते. लुबाडला गेलेला बँकवाला अज्ञानी नव्हता. कुस्ती ठरवून होऊ शकते हे त्याला पक्के ठाऊक होते. ती आपल्या बाजूने ठरली आहे, एवढ्याच समजुतीने तो आला होता. चोरावर मोर व्हायला निघालेला माणूस फसला, म्हणून तो निरागस ठरत नाही. फसलेले अनेक जण गप्प का राहिले, याचेही कारण यातच आहे.

१७/
उरले दुसरे विधान: शहरी प्रवर्तकांनी कुस्ती बिघडवली. याचे खरे उत्तर ४ जुलै १९१६ च्या ओमाहामध्ये सापडते. एका बाजूला नेब्रास्काच्या डॉज गावचा, पायांच्या कात्रीसाठी प्रसिद्ध असलेला जो स्टेचर. दुसऱ्या बाजूला एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस. लढत सुमारे पाच तास चालली आणि बरोबरीत सुटली. दोन तुल्यबळ मल्ल खरोखर जपून लढू लागले की खडाखडीतच दिवस मावळतो. असा सामना पाहायला कोणी दुसऱ्यांदा तिकीट काढत नाही.

१८/
१९२० च्या दशकात लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि ‘टूट्स’ माँट यांनी लढती आटोपशीर आणि वेगवान केल्या, हे खरे. पण हे त्रिकूट आकाशातून पडले नव्हते. लुईस विस्कॉन्सिनच्या लहान गावांतला. माँटचा जन्म आयोवातील गार्डन ग्रोव्हचा आणि कुस्तीचे शिक्षण जत्रेच्या तंबूतले. जे तंबूत चाले, तेच त्यांनी मोठ्या सभागृहात नेले. शहराने गावची कुस्ती बिघडवली नाही. गावची कुस्ती शहरात स्थायिक झाली.

१९/
आणि खरी विद्या तेव्हाही मेली नव्हती. जानेवारी १९२५ मध्ये प्रवर्तकांनी कुस्तीत कच्चा असलेल्या वेन मन या फुटबॉलपटूला लुईसवर विजय मिळवून देऊन विजेता बनवले. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात स्टॅनिस्लाउस झ्बिश्को त्याच्याकडून ठरवून हरणार होता. झ्बिश्कोने आयत्या वेळी शब्द फिरवला आणि मनला सर्वांसमक्ष खरोखर चीत केले. पंचाला निकाल द्यावाच लागला. विजेतेपद विरोधी गटाकडे गेले. लुटुपुटूच्या लढाईत एकाने अचानक खरी तलवार उपसली.

२०/
हा झ्बिश्को भारतीय वाचकांना अपरिचित नाही. १९१० मध्ये लंडनला गामा पैलवानाविरुद्ध अडीच तासांहून अधिक काळ बचाव करत बरोबरी साधणारा, आणि १९२८ मध्ये पतियाळात त्याच गामाकडून एका मिनिटाच्या आत आस्मान पाहणारा मल्ल तो हाच. मग हा माणूस ‘खरा’ की ‘खोटा’? अमेरिकेत तो ठरवून हरायला तयार झाला होता, तेथेच खरा जिंकला आणि भारतात खरा हरला. प्रश्नच चुकीचा आहे, हे एवढ्यावरून कळावे.

२१/
योग्य प्रश्न वेगळा आहे: निकाल कोणाच्या हातात होता आणि त्याची किंमत कोणी मोजली? १८९९ च्या लुव्हर्नमध्ये तो दोन मल्लांच्या हातात असू शकत होता. फिलाडेल्फियात झ्बिश्कोच्या बंडामागेही प्रवर्तकांचाच दुसरा गट होता. आणि १९४८ च्या जुलैत आयोवातील वॉटर्लू शहराच्या एका हॉटेलात मध्य-पश्चिमेचे काही प्रवर्तक जमले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली. तेथून निकाल, प्रदेश आणि मल्लाची भाकरी या तिन्ही गोष्टी हळूहळू एकाच टेबलावर आल्या.

२२/
प्रवर्तकांनी देशाचे प्रदेश वाटून घेतले. एकमेकांच्या हद्दीत शिरायचे नाही; जो मल्ल किंवा प्रवर्तक व्यवस्था मोडेल, त्याला काम मिळू द्यायचे नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने याला मक्तेदारी म्हटले आणि १९५६ मध्ये आयोवातील संघीय न्यायालयापुढे संघटनेला संमती-हुकूमनामा मान्य करावा लागला.

२३/
दोन्ही खटले शेजारी ठेवून पाहावेत. १९१० चा टपाल-फसवणुकीचा, १९५६ चा मक्तेदारीचा. राज्य तेच, आयोवा. दोन्ही वेळा न्यायालयापुढचा मुद्दा ‘कुस्ती खरी की खोटी’ हा नव्हता. पैसा आणि सत्ता कोणाच्या मुठीत, हा होता. न्यायालयांना जे तेव्हाच उमगले, ते इतिहासाच्या नावाने फिरणाऱ्या सुवर्णयुगाच्या गोष्टींना आजही उमगत नाही.

२४/
‘सुवर्णयुगा’ची कथा निरुपद्रवी वाटते, पण ती दोन अन्याय करते. गावच्या प्रेक्षकाला मूर्ख ठरवते आणि मल्लाला ढोंगी. मान मोडेपर्यंत मेहनत करणारा, हूक शिकताना सांधे गमावणारा, आगगाडीच्या बाकावर झोपणारा कामगार या कथेतून नाहीसा होतो. आणि ज्यांनी त्याच्या श्रमाची हद्द आखली, ते प्रवर्तक ‘काळ बदलला’ या शब्दांच्या आडोशाला सुखाने उभे राहतात.

२५/
वॉटर्लूमध्ये आज कुस्तीचे एक संग्रहालय आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या तेथल्याच डॅन गेबलचे नाव त्याला दिलेले आहे. त्याच छपराखाली व्यावसायिक मल्लांचेही सन्मानदालन आहे. हौशी आणि व्यावसायिक, शूट आणि वर्क, एकाच इमारतीत नांदतात. ज्या मातीतून हे दोन्ही उगवले, तिने त्यांना कधी वेगळे मानले नव्हते.

(समाप्त)