विश्लेषण : ‘ग्लॉक १९’ची जुनी मॉडेल्स बंद, मग हे पिस्तूल अजूनही घेण्यासारखं आहे का?

ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपली बरीचशी पिस्तुलं बंद करून त्यांच्या जागी ‘व्ही’ मालिका आणत असल्याचं जाहीर केलं. यात अमेरिकेत प्रचंड लोकप्रिय असलेल्या ‘ग्लॉक १९’च्या प्रचलित आवृत्त्याही आल्या. ‘संपण्याआधी घेऊन टाका’ असं सांगणाऱ्या रील्सचा मग पूरच आला. पण मुळात हे पिस्तूल कसं आहे आणि ते बंद का झालं?

पिस्तूल नेमकं कसं आहे?

ग्लॉक १९ हे १९८८ मध्ये आलेलं ९ मिमीचं अर्धस्वयंचलित पिस्तूल. म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. नळी सुमारे १० सेंटीमीटरची, वजन रिकामं असताना साधारण ६०० ग्रॅम आणि मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. कपड्याआड लपेल इतकं लहान, पण मूठ हातात नीट बसेल इतकं मोठं. सुटे भाग कमी, त्यामुळे बिघाडही कमी.

सरावासाठी कसं?

उत्तम. ९ मिमीच्या गोळ्या तुलनेने स्वस्त आहेत आणि झटकाही आटोक्यात राहतो. मोठ्या ग्लॉक १७चं मॅगझिन यात चालतं. होल्स्टर आणि सुटे भागही सहज मिळतात, त्यामुळे उत्पादन थांबलं म्हणून जुनं पिस्तूल निकामी ठरत नाही. मूळ प्लास्टिकची साइट मात्र अनेक जण बदलून घेतात.

आणि स्वसंरक्षणासाठी?

इथे जरा थांबायला हवं. या पिस्तुलाला सहसा बाहेरून लावायचा सेफ्टी खटका नसतो. सुरक्षा यंत्रणा आतच असते आणि चाप ओढताच ती बाजूला होते. साफसफाईसाठी पिस्तूल उघडतानाही आधी चाप ओढावा लागतो. नळीत गोळी राहिली असेल तर ती तिथेच सुटते. म्हणजे सगळी भिस्त वापरणाऱ्याच्या शिस्तीवर.

धोका फक्त अपघाताचा नाही. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅलिफोर्नियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हँडगन असलेल्या पुरुषांचा स्वतःवर गोळी झाडून मृत्यू होण्याचं प्रमाण, ती नसलेल्या पुरुषांच्या जवळपास आठपट होतं. स्त्रियांमध्ये ते ३५ पटींहून जास्त होतं.

मग बंद का केलं?

कंपनीने उत्पादनांची संख्या कमी करण्याचं व्यावसायिक कारण दिलं. पण त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने एक कायदा केला होता. ‘स्विच’ नावाचा छोटासा तुकडा मागच्या बाजूला बसवला की ग्लॉक पूर्ण स्वयंचलित होतं आणि चाप दाबून ठेवला की मॅगझिन काही क्षणांत रिकामं होतं. स्विच बेकायदा आहेच. आता, ज्यात तो सहज बसतो अशी पिस्तुलं १ जुलै २०२६ पासून परवानाधारक दुकानदारांनी विकण्यावर त्या राज्यात बंदी आहे. आधीपासून ज्यांच्याकडे ती आहेत, त्यांची काढून घेतली जाणार नाहीत. त्याआधी २०२४ मध्ये शिकागो शहराने आणि पुढे न्यू जर्सी व मिनेसोटा राज्यांनीही ग्लॉकवर खटले भरले होते.

थोडक्यात, ज्या साधेपणामुळे हे पिस्तूल भरवशाचं ठरलं, तोच साधेपणा गुन्हेगारांच्याही सोयीचा ठरला.

मराठी वाचकांचा काय संबंध?

भारतात ९ मिमी हा ‘प्रतिबंधित बोअर’ आहे. एनएसजीसारखी दलं ग्लॉक वापरतात, पण स्वसंरक्षणाच्या नेहमीच्या परवान्यावर सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. अमेरिकेत एच-१बीसारख्या व्हिसावर राहणाऱ्यांनाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही.

ज्यांना कायद्याने परवानगी आहे, त्यांच्यासाठीही ‘बंद झालं’ हे घाई करण्याचं कारण नाही. सरावासाठी जुनं ग्लॉक १९ आजही चांगलं आहे. घरात ठेवायचं असेल तर मॉडेल कोणतं यापेक्षा ते कुलपात राहणार का, नियमित सराव होणार का आणि घरात कोणी मानसिक तणावात आहे का, हे प्रश्न आधी विचारायला हवेत.