लाल शाईचा गोल

जपानी सुलेखनाला ‘शोदो’ म्हणतात. ‘शो’ म्हणजे लेखन, ‘दो’ म्हणजे मार्ग. ज्युदोमधला ‘दो’ तोच. सुंदर अक्षर ही कुणाला मिळालेली देणगी नव्हे, चालत राहण्याची वाट आहे, हे नावातच आले.

जपानच्या प्राथमिक शाळेत तिसरीपासून मुलांच्या हाती ब्रश येतो. अभ्यासक्रमात त्यासाठी वर्षाला सुमारे ३० तासिका राखलेल्या आहेत. घरोघरी संगणक असलेल्या या देशाने शाई शाळेबाहेर काढलेली नाही.

शिकण्याची रीत साधी आहे. समोर उस्तादांचा नमुना ठेवून त्याची नक्कल करायची. रेघ कुठे थांबवायची, कुठे झटक्यात उचलायची, कुठे निमुळती ओढत न्यायची, एवढेच घोटत राहायचे. ‘शाश्वत’ या अर्थाच्या एका अक्षरात आठ मूळ रेघा आहेत, म्हणून पिढ्यान् पिढ्या तेच गिरवले जाते. एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. बिघडली तर नवा कागद घ्यायचा.

उर्दूवाल्यांना हे परके वाटू नये. तख्ती, बोरूची कलम, नुक्त्यांनी मोजलेली अलिफची उंची, ही आपलीही वाट होती.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तिथली तपासणी. शिक्षक लाल शाईने बिघडलेली रेघ वरून लिहून दाखवतात आणि जमलेल्या रेघेभोवती गोल काढतात. जपानमध्ये गोल म्हणजे ‘बरोबर’. आपल्या वह्यांमध्ये गोल पडतो तो चुकीभोवती. वर ‘दहा वेळा लिही’ ही शिक्षा. ज्या कामाची शिक्षा होते, त्याची गोडी मुलाला कशी लागणार?

उर्दू माध्यमाचे मूल तीन लिप्या सांभाळते, त्यातली एक उजवीकडून डावीकडे जाते. मोबाइलवर मात्र ते उर्दू आणि मराठी दोन्ही रोमन अक्षरांत लिहिते. ‘टायपिंग येते ना, मग अक्षर कशाला?’ असे पालक विचारतात. माझे उत्तर असे की, जी लिपी हातातून सुटते, ती हळूहळू डोळ्यांनाही जड जाऊ लागते. मग पुस्तके कपाटातच राहतात.

फुआद कोइची होंदा हे जपानी गृहस्थ १९७०च्या दशकात दुभाषी म्हणून सौदी अरेबियात गेले आणि अरबी अक्षरांच्या प्रेमात पडले. २००० साली इस्तंबूलच्या हसन चेलेबी यांनी त्यांना खत्ताचा इजाजा दिला. परक्या लिपीसाठी एक माणूस इतकी वर्षे देतो. आपल्याच लिपीसाठी आपण आठवड्याची एक तासिका देऊ शकत नाही का?

त्या तासिकेत एकच अक्षर असावे आणि गुण नसावेत. शिक्षकाच्या लाल पेनाने आधी जमलेली रेघ शोधावी.